पाचवी रांग

दादाची नोकरी मी घालवली. कागद साहेबांनी काढला, शिक्का ऑफिसातल्या बाईंनी मारला, पण घालवली मी, आणि तीही मॅनेजर झाल्याच्या अकराव्या दिवशी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला दोन जास्तच मिळाले.

आमचं दुकान मोठं आहे. चौदा रांगा, मागे गोदाम, गोदामाच्या मागे ट्रक लागायचा ओटा. सकाळी सातला दारं उघडतात तेव्हा गिऱ्हाइकाला सगळं भरलेलं, पुसलेलं, ओळीत उभं दिसतं आणि त्याला वाटतं हे असंच उगवतं. ते आम्ही करतो, रात्री दहा ते सकाळी सहा. ट्रक येतात, खोकी उतरतात, हातगाड्यांवरून रांगांत जातात, फोडली जातात आणि माल खणांत लागतो. जुना माल पुढे, नवा मागे, म्हणजे जुन्याची तारीख उलटून जात नाही. शेवटच्या तासाभरात प्रत्येक खणातला माल कडेपर्यंत ओढायचा आणि लेबलं समोर करायची. या कामाला कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव आहे. आमची माणसं त्याला तोंडं पुसणं म्हणतात. तिसरीची तोंडं पुसून झाली का, असं एकमेकांना विचारतात.

दादा बावीस वर्षं पाचव्या रांगेची तोंडं पुसत होता. मला या दुकानात चिकटवलं तेही त्यानेच. सोळा वर्षांपूर्वी त्या वेळच्या साहेबांपुढे मला उभं करून म्हणाला होता, माझी धाकटी बहीण आहे, तोंडाळ आहे पण कामाला पक्की आहे. साहेब हसले आणि त्यांनी मला गल्ल्यावर बसवलं. पहिल्याच आठवड्यात दुकान बंद झाल्यावर दादा मला पाचव्या रांगेत घेऊन गेला होता. तू म्हणशील ती वस्तू काढून दाखवतो, म्हणाला, आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले. मी म्हटलं बारीक मीठ. तो मोजून सात पावलं चालला, वाकला आणि बारीक मिठाची पिशवी माझ्या हातात ठेवली. मग जाड मीठ, मग काडेपेट्या, मग मेणबत्त्या. एकदाही चुकला नाही. मला तेव्हा ती जादू वाटली होती. नंतर मी ती विसरले.

गल्ल्यावरून मी दिवसपाळीची सुपरवायझर झाले आणि या वर्षी रात्रपाळीची मॅनेजर. म्हणजे ज्याने मला आत आणलं त्याच्याच डोक्यावर मला बसवलं. घरी नवरा म्हणाला, जरा जपून. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, जपून काय? नवरा म्हणाला, म्हणूनच. त्याला दिवसा काम आणि मला रात्री, त्यामुळे आमचा संसार तेव्हापासून जिन्यावरच चालला होता आणि एवढं बोलायलाही आम्ही दोन पायऱ्यांवर उभे होतो.

पहिल्या रात्री सगळ्यांना गोदामात जमवून मी चार शब्द बोलले. नऊ माणसं होती. आठ जण माझ्याकडे बघत होते आणि दादा माझ्या खांद्यापलीकडे, भिंतीकडे बघत होता. मी बोलता बोलता जरा बाजूला सरकले, त्याची नजरही सरकली, पुन्हा माझ्या शेजारीच पडली. मला वाटलं, असं आहे होय.

मग तेच बघायची मला सवय लागली. मी रांगेच्या त्या टोकाहून मान हलवली तर तो ओळख दाखवायचा नाही. मी फोनवर पाठवलेल्या सूचनांना सगळे होकाराचा अंगठा पाठवायचे, तो नाही. मालाच्या खोक्यावर धरलं की कुठे लावायचं ते दाखवणारी छोटी मशीनं सगळ्यांना दिली होती, त्याचं त्याच्या खिशात बंदच. विचारलं तर म्हणायचा, त्याचं आणि माझं पटत नाही. सूचना वाचली म्हणून वहीत सही करायची असते, तिथे तो वहीकडे न बघता सही ठोकायचा आणि ती दोन ओळींवर आडवी पसरायची. माझ्याशी बोलताना तोंड एकीकडे आणि नजर भलतीकडे. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग बसलेला असतो, शिंकली की उडतो. या वेळी उडेना. सख्खा भाऊ, आणि धाकट्या बहिणीचा हुकूम त्याला सोसत नाही, असं मी धरून चालले. वहिनीला जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरी भिंती आणि इथे पाचवी रांग एवढंच त्याचं जग होतं, हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या दिवसांत मला त्याची कीव आली नाही, राग आला.

त्याची जोडी असायची गारठ्याशी. गारठ्या म्हणजे थंड खोलीतला माल लावणारा, बारा महिने कानटोपी घालून फिरणारा माणूस. त्याचं काम बाराव्या रांगेत, पण दर अर्ध्या तासाने तो पाचवीत दादाजवळ उभा दिसायचा. हातात एखादा डबा, दोघं त्यावर मान घालून कुजबुजणार. गप्पा छाटतात, असं मी माझ्या डायरीत लिहिलं. गारठ्या दादाला डब्यांवरच्या तारखा वाचून दाखवत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं असतं का, शंकाच आहे.

आठव्या दिवशी मुख्य ऑफिसातून नवी मांडणी आली. कुठल्या रांगेत कुठला माल, याचा नकाशा. तिथले लोक उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांनी कधी एक खोकं उचललेलं नसतं, पण दोन वर्षांनी एकदा त्यांना वाटतंच की मेणबत्त्या नवव्या रांगेत जास्त खपतील. पाचवी, सातवी आणि नववी अशा तीन रांगा बदलायच्या होत्या. मुदत तीन आठवड्यांची होती. मी ठरवलं, एका रात्रीत करायचं. आणि ती रात्र निवडली दादाच्या सुट्टीची.

का, ते खरं सांगते. एक कारण असं की तो असता तर सगळ्यांदेखत म्हणाला असता, अशी घाई नको, आणि लोकांनी त्याचं ऐकलं असतं. दुसरं कारण त्याहून हलकं होतं. मला वाटत होतं की त्याने सुट्टीवरून यावं, आपली रांग बदललेली बघावी आणि मॅनेजर कोण आहे ते त्याला कळावं.

त्या रात्री आम्ही पाचवी पूर्ण रिकामी केली. रिकामे खण पुसताना माझ्या हाताला खालून काहीतरी लागलं. खणाच्या पुढच्या कडेला, किमतीच्या पट्टीच्या खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, खाकी चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे चिकटवलेले होते. एका खणाखाली एक, पुढच्याखाली शेजारी शेजारी दोन, त्यापुढे तीन, मग एक आडवा आणि एक उभा. पूर्ण रांगभर. वर्षानुवर्षं पुसलेलंच नाही, मी म्हटलं, खोकी फोडायची आणि चिकटपट्ट्या इथेच डकवायच्या, हा काय आळस. सगळं खरवडून काढायला सांगितलं.

गारठ्या जवळच होता. म्हणाला, "मॅडम, ते राहू दे ना. ते त्यांचं आहे."

"त्यांचं म्हणजे काय? रांग कंपनीची आहे," मी म्हटलं.

 गारठ्या पुठ्ठे कापायचं पातं घेऊन खाली बसला आणि खरवडायला लागला. मीही बसले. एक पट्टी निघेना म्हणून नखाने ओढली तर नख मुळापासून तुटलं. चरफडत मी बोट तोंडात धरलं आणि त्याचाही राग दादावरच काढला. पहाटे साडेपाचला तिन्ही रांगा नव्या झाल्या होत्या. मी फोटो काढून साहेबांना पाठवले आणि त्यांनी लगेच शाबासकी दिली. मुदतीच्या वीस दिवस आधी काम झालं होतं.

दुसऱ्या रात्री दादा आला. नवा नकाशा मी बोर्डावर लावला होता, शेजारी सह्यांची वही. त्याने नेहमीसारखी आडवी सही केली आणि गोदामातून आपली खोकी गाडीवर चढवायला गेला. गारठ्याला मी त्या रात्री ओट्यावर ट्रक उतरवायला पाठवलं होतं. गप्पा बंद, हा माझा दुसरा निर्णय.

थोड्या वेळाने मी पाचवीच्या टोकाशी गेले. दादा गाडी बाजूला लावून उभा होता. डावा हात खणाच्या कडेखाली घातलेला, आणि तो तसाच हळूहळू पुढे सरकत होता. एका खणाखालून दुसऱ्या खणाखाली, मग मागे, मग पुन्हा पुढे. मला वाटलं, धूळ शोधतोय, खोड काढायला. मी तिथून निघून आले.

दहा मिनिटांनी तो माझ्या केबिनच्या दारात आला. आत दोन मुलीही होत्या, दुसऱ्या दिवसाच्या किमतींच्या पट्ट्या छापून घ्यायला आलेल्या.

"पाचवीत काही बदललंय का?" त्याने विचारलं. नजर माझ्या टेबलावरच्या दिव्याकडे.

एवढा एक प्रश्न. सोळा वर्षांत दुकानात त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न असेल. उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. उठून त्याच्याबरोबर रांगेत गेले असते तर पाऊण तास.

"बोर्डावर लावलंय, आणि तुमची सहीपण आहे," मी म्हटलं. "वाचायचेही कष्ट घ्या जरा."

अहो-जाहो मी मुद्दाम केलं. मुलींपैकी एक खाली मान घालून हसली. दादा "बरं" म्हणाला आणि गेला.

पुढे जे झालं ते आमच्याच धंद्यात होऊ शकतं. फरशी पुसायचं लिंबाच्या वासाचं औषध गेली सहा वर्षं पाचव्या रांगेत, अकराव्या खणात, कमरेच्या उंचीला असायचं. पिवळ्या, लांबट बाटल्या. आता ते नववीत गेलं होतं, आणि त्याच्या जागी सातवीतून लिंबू सरबत आलं होतं. पिवळ्या, लांबट बाटल्या. मांडणी आम्ही हलवली पण गोदामातला साठा अजून जुन्याच जागी होता, त्यामुळे दादाच्या गाडीवर औषधाची खोकी आली. तो अकरा खण मोजत गेला. तिथे हाताला पिवळी बाटली लागली. रंग तोच, आकार तोच. मग त्याने बावीस वर्षं केलं तेच केलं. जुना माल पुढे ओढला आणि नवा मागे लावला. सरबताच्या मागे फरशीचं औषध. आणि पुढून तोंडं इतकी छान पुसली की सकाळी मी स्वतः रांगेतून चक्कर मारली तरी मला काही दिसलं नाही.

पुढच्या बाटल्या दुपारपर्यंत खपल्या. संध्याकाळी एका माणसाने घाईत त्या खणातून दोन बाटल्या उचलल्या. घरी त्याच्या मुलीने पाण्यात घालून घोटभर घेतलं. थुंकलं, पण थोडं पोटात गेलं. तोंड भाजलं, उलट्या झाल्या. एक रात्र दवाखान्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडली. नऊ वर्षांची मुलगी होती.

साहेबांनी दादाला आणि मला समोरासमोर बसवलं. साहेब वाईट माणूस नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी मला एकच विचारलं, नव्या मांडणीची सूचना यांना दिली होती का. मला त्या क्षणी केबिनच्या दारात उभा असलेला दादा आठवला. तो विचारायला आला होता, हे मी सांगू शकत होते. मी म्हटलं, "वहीत सही आहे." ते खरंच होतं. असं खरं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलणार नाही.

साहेबांनी दादाला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? मी वाट बघत होते की आता तो उसळेल, मला चार शिव्या देईल, दारातली गोष्ट सांगेल. तो म्हणाला, "लक्ष नव्हतं. चूक माझी आहे." कागद पुढे आला. त्याने वाचला नाही. साहेबांनी सहीच्या जागी बोट ठेवलं आणि त्याने त्या बोटाला लागून सही केली. मग हातमोजे, पातं आणि ते न वापरलेलं मशीन टेबलावर एका ओळीत ठेवलं. उठताना माझ्या दिशेला म्हणाला, "येतो मॅडम." मला वाटलं टोमणाच मारला.

चार दिवस मी त्याच्याकडे गेले नाही. दिवसा झोप लागेना. नवऱ्याने जिन्यात विचारलं, जाऊन आलीस का? मी म्हटलं, त्याने यावं. नवरा म्हणाला, चूक त्याची असली तरी नोकरी त्याची गेलीय, तुझी नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेले. मनात भांडणच होतं. एकदा काय ते तोंडावर सांगून टाक, असं त्याला म्हणायचं होतं.

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं तशी आतून हाक आली, "ये बारके." मला अजून बारके म्हणणारा तो एकटाच उरलाय. खिडकीशी बसला होता, हात मांडीवर, नुसता. त्याला मी असं रिकाम्या हातांनी बसलेलं कधी बघितलं नव्हतं. चहा तूच कर, म्हणाला, साखर असेल.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी असतानाचेच डबे, एकसारखे, ओळीत. पहिला उघडायला हात घातला आणि बोटाला काहीतरी लागलं. डब्याच्या कडेला खाकी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता. आत चहाची पूड. शेजारच्या डब्यावर दोन तुकडे, आत साखर. तिसऱ्यावर तीन, मीठ. पुढच्यावर एक आडवा आणि एक उभा. शेगडीच्या बटणावर एक, जिथे आच मंद होते तिथे.

मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिले. तुटलेल्या नखाचं बोट त्या दोन तुकड्यांवर होतं. अख्खी रांग मी माझ्या हाताने खरवडली होती. वर कडा पुसूनही घेतल्या होत्या, चिकट राहू नये म्हणून. बावीस वर्षं त्याने लावलेला माल रोज रात्री भरायचा आणि रोज दिवसा संपायचा, त्याचं असं त्या दुकानात काहीच राहत नव्हतं. राहत होत्या त्या एवढ्याच पट्ट्या.  मी ओट्याला टेकले.

"सापडली ना साखर?" बाहेरून तो म्हणाला.  थोड्या वेळाने तो उठून आला, दाराच्या चौकटीला हात लावून थांबला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं अजून. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा." मग माझ्या दिशेला मान तिरकी केली. "तू समोर आलीस की मधे भोक आणि दोन्ही बाजूंना कान. कान अगदी आईवर गेलेत तुझे."

मला हसू आलं नाही. म्हणजे मी बाजूला सरकायचे तेव्हा तो मला बघायचा प्रयत्न करत होता. माझ्या शेजारी बघितलं की मी थोडी थोडी दिसत होते त्याला. त्यालाच मी अकरा दिवस माज समजत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मॅनेजर झालीस. सांगितलं असतं तर तुला मला काढावं लागलं असतं. नाहीतर लपवावं लागलं असतं. दोन्ही तुला जमलं नसतं, तू तोंडाळ आहेस."

"मला वाटलं, तू जळतोस माझ्यावर."

"कळत होतं मला. म्हटलं, वाटू दे." तो ओट्यावरची भांडी हाताने चाचपून बाजूला करत होता. "आंधळा म्हणून घरी पाठवण्यापेक्षा आडमुठा म्हणून पाठवलेला बरा. आडमुठ्या माणसाला निदान लोक भितात."

मी रडायला लागले. त्याला दिसलं नसेल, पण ऐकू आलं.  मग मला जे म्हणायचंच होतं ते मी म्हटलं, की त्या रात्री तू विचारायला आला होतास.

"आलो होतो," तो म्हणाला.

तेवढंच.  मला त्याने माफ केलं की नाही, हे मला त्या दोन शब्दांतून कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

मग त्याने विचारलं, "ती मुलगी कशी आहे?"

मी सांगितलं की बरी आहे, शाळेत जायला लागली, साहेब स्वतः जाऊन भेटून आले. त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, चूक माझीच होती बारके, पट्ट्या हाताला लागल्या नाहीत तेव्हाच मी हात थांबवायला हवा होता. मोजून लावू म्हटलं. बावीस वर्षांचा माज, दुसरं काय. गेले चार दिवस त्याला झोप नव्हती ती नोकरीपायी नव्हती, त्या मुलीपायी होती. मी म्हटलं, साहेबांना जाऊन सगळं सांगते, पट्ट्यांचं, दारातलं, सगळं. तो म्हणाला, सांगून काय होणार? डोळे येणार आहेत का माझे? उलट गारठ्याचं नाव निघेल. त्याला दोन पोरं आहेत.

चहा त्यानेच केला. मी नुसती बघत राहिले. एक पट्टी, दोन पट्ट्या, एक थेंब सांडला नाही. कप माझ्या हातात दिला, स्वतःचा संपवला, मग फडक्याने ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवले.

"हं, सांग आता. पाचवीत काय काय लावलंयस?"

"कशाला रे आता?"

"सांग तर."

मी सांगायला लागले. गोदामाच्या बाजूने सुरुवात, डावीकडे, पहिल्या खणात बारीक मीठ, खाली जाड. दुसऱ्यात साखर. तिसऱ्यात गूळ, चौथ्यात मध. तो माझ्यामागून म्हणत होता आणि त्याचा हात ओट्यावर वीत वीत पुढे सरकत होता. मधाशी थांबला. मध बाटलीत की डब्यात, विचारलं. दोन्ही, मी म्हटलं, बाटल्या वर. मग वरचं, मधलं, खालचं असं त्याने स्वतःच लावून घेतलं. सहाव्या खणात त्याने चहा ठेवला. मी म्हटलं, नाही, सहाव्यात कॉफी, चहा सातव्यात. तो मागे आला, चौथ्यापासून पुन्हा म्हणत गेला. अकराव्या खणाशी त्याचा हात थांबला.

"इथे सरबत," मी म्हटलं.

"इथे सरबत," तो म्हणाला आणि पुढे गेला.

सोळा खण झाले. त्याने हात ओट्याच्या सुरुवातीला आणला आणि पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं, वरचं, मधलं, खालचं, एकदाही न अडखळता. मी घड्याळात बघितलं. पाऊण तासही झाला नव्हता. तो जरा खुशीत आला होता, मला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं. टोमणा नव्हता, खरंच नव्हता, पण म्हणाला, "एवढंच होतं होय?"

मला दहाला कामावर जायचं होतं आणि त्याआधी थोडं झोपायला हवं होतं. पाचव्या रांगेत आता एक नवा माणूस असतो, चांगला आहे, मशीन बघून माल लावतो. दादा त्या रांगेत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

"उजवी बाजू राहिली," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला आणि पहिल्या खणापासून उजवी बाजू सांगायला लागले.